सुमे, इथेही सगळं सरकार करत नाही

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. काकूंनी दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं आणि तुलाच विचारलं की ताई तुम्ही कुणाकडच्या, ते ऐकून पोटात कालवलं गं. शेवटी तू म्हणालीस, तुमच्या इंग्लंडात बरंय, म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय, आज शिफ्ट नाही, त्यामुळे लांबेल.

सगळं नाही बघत. कॅन्सर झाला तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, उपचाराचा एक पैसा घेत नाही. पण डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झाला आणि आंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठवून बाथरूमला न्यायला माणूस लागलं, की ते बहुतेक वेळा आजारपणात धरतच नाहीत, त्याला सोशल केअर म्हणतात, आणि ते कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे जातं. कौन्सिल आधी विचारतं, तुमच्याकडे आहे किती? २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च तुमचा तुम्ही करा. हा आकडा २०१० पासून तसाच आहे. घरी राहून मदत घेतली तर राहत्या घराची किंमत धरत नाहीत, केअर होममध्ये गेलात आणि घरात मागे नवरा किंवा बायको राहत नसेल तर धरतात. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, मी इंग्लंडचं सांगतेय.

आता २०१७ चं सांगते. मी तेव्हा घरोघरी जाऊन केअरचं काम नुकतं सुरू केलेलं. एक आजी होत्या, दाराबाहेरच्या छोट्या डबीत किल्ली, नंबर फिरवून काढायची, आत गेलं की आधी मोठ्याने माझं नाव सांगायचं नाहीतर त्या घाबरायच्या. अर्ध्या तासात उठवणं, अंग पुसणं, गोळ्या, चहा-टोस्ट, आणि फाइलमध्ये लिहायचं की अर्धाच टोस्ट खाल्ला. त्यांच्या मुलीने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर आत काय आहे त्याचा फोटो चिकटवलेला, कपाच्या कपाटावर कपाचा, साखरेच्या कपाटावर साखरेच्या डब्याचा. आजी फोटोवर बोट ठेवून बरोब्बर कप काढायच्या, इतक्या खुश व्हायच्या!

तेव्हाच्या पंतप्रधान, हुजूर पक्षाच्या थेरेसा मे बाईंनी एप्रिलमध्ये अचानक निवडणूक लावली, ८ जूनची. सर्व्हेत हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या वीसेक टक्के पुढे होता, त्यांना वाटलं आत्ताच मोठं बहुमत घेऊन टाकू. १८ मेला हॅलिफॅक्समध्ये जाहीरनामा काढला आणि त्यात केअरचं आलं: घरी मदत घेणाऱ्यांच्याही घराची किंमत धरणार, पैसे माणूस गेल्यावर घरातून वसूल करणार, पण शेवटचे एक लाख पौंड कुटुंबाला राहणार. एक लाख म्हणजे जुन्या आकड्याच्या चौपट, ते मला आजही चांगलंच वाटतं. पण एकूण खर्चाला वरची मर्यादाच नाही, म्हणजे ज्याला जितकी वर्षं डिमेन्शिया तितकं त्याचं घर जास्त जाणार. त्याच जाहीरनाम्यात पेन्शनवाढीची हमी कमी केली आणि थंडीतल्या हीटिंगचे पैसे सरसकट देणार नाही म्हणाले. जे म्हातारे वर्षानुवर्षं त्यांनाच मत देतात त्यांच्याच घरावर, पेन्शनवर आणि हीटरवर एकदम हात!

विरोधकांनी नाव दिलं, डिमेन्शिया टॅक्स. झालं, सगळीकडे तेच. गूगलवर ते शब्द शोधले की वर हुजूर पक्षाचीच जाहिरात यायची, इतके ते घाबरलेले. चार दिवसांत बाईंनी सांगितलं की मर्यादा ठेवू, आणि वर म्हणाल्या की काहीच बदललेलं नाही. त्या दिवशी आजींची मुलगी मला स्वयंपाकघरात हळूच विचारत होती, आईचं घर जाणार का गं? मी काय सांगणार होते, तिच्या हातात तो टोस्टचा डबा तसाच.

मतदान मीही केलं, भारतीय पासपोर्टवर. इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकांना पार्लमेंटला मत देता येतं, मला तेव्हाच कळलं. हुजूर पक्षाच्या ३३० जागा होत्या त्या ३१७ वर आल्या, बहुमत गेलं. एकट्या केअरमुळे गेलं असं मी म्हणत नाही, पण तिथूनच प्रचार बसला.

आणि मला राग कशाचा येतो माहितीये? यातून पक्ष काय शिकले त्याचा. २०१० मध्ये हुजूर पक्षाने मजूर पक्षाच्या केअरच्या योजनेला डेथ टॅक्स म्हणत थडग्याचं पोस्टर लावलेलं, २०१७ मध्ये त्यांच्यावरच ते उलटलं. दोघांनाही कळलं की खर्च कोण देणार हे मतदानाआधी सांगायचंच नाही. खर्चाच्या मर्यादेची तरतूद २०१४ च्या कायद्यात होती, ७२,००० पौंडांची ठरलेली, ती पुढे ढकलत ढकलत गेली. बोरिस जॉन्सननी २०२१ मध्ये ८६,००० ची जाहीर केली, तीही ढकलली, आणि जुलै २०२४ मध्ये मजूर सरकारने येऊन महिनाही झाला नव्हता तर रद्द केली. २०२४ च्या निवडणुकीच्या प्रचारात केअरवर मनापासून बोलला तो एकच नेता, लिबरल डेमोक्रॅट्सचे एड डेव्ही, लहानपणी आजारी आईचं केलेला आणि आता अपंग मुलाचं करणारा माणूस, त्यांच्या पक्षाला ७२ जागा मिळाल्या. सरकारने आता केअरचं काय करायचं ते सुचवायला लुईझ केसी बाईंचं कमिशन नेमलंय, पूर्ण रिपोर्ट २०२८ पर्यंत. आमच्या आजींसारख्यांना २०२८ म्हणजे किती लांब गं. त्या तर २०१९ मध्येच गेल्या.

तू एकटीने करतेयस, नोकरी सांभाळून, ते मला कळतं. दादाला स्पष्ट सांग, महिन्याचे पैसे आणि आठवड्यातले दोन दिवस, दोन्ही दे. आणि उद्याच काकूंच्या कपाटांवर फोटो चिकटव, पातेल्याचा, साडीचा, चष्म्याचा. फोटो मोठा हवा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. चिकटवलास की मला पाठव.

तुझी,
मंजू