पप्या, चौथं गाणं ऐकलंस का?

सोलापूर
रविवार, रात्र

पप्या,

काय बे, पुण्याला गेल्यापास्नं फोन उचलायचं सोडलंस, म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. तू पाठवलेला तो बर्लिनच्या 'द ओशन' बँडचा अल्बम, 'हेलिओसेंट्रिक' (म्हणजे सूर्य मधे असलेलं), चार दिवस तेच लावून ठेवलंय, घरचे वैतागलेत. तू म्हणालास नुसत्या देवाधर्माला शिव्या आहेत, डोकं दुखतं. खरं सांग, तिसऱ्या गाण्यालाच बंद केलंस ना? चौथं 'टॉलेमी वॉज राँग' (टॉलेमी म्हणजे पृथ्वी मधे आहे म्हणणारा जुना खगोलवाला), त्यात आधी नुसता पियानो आणि दबक्या आवाजात गाणारा माणूस, तेच नेमकं हुकलं तुझं!

अल्बमची सुरुवात बायबलमधल्या आकाशापासून, म्हणजे वर घुमट, खाली पृथ्वी, सगळं ठरलेलं. तिथनं सूर्य मधे आणणारे लोक आणि शेवटाला थेट डार्विन. आता पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारं कोपर्निकसचं पुस्तक १५४३ चं, चर्चनं ते बंदीच्या यादीत टाकलं १६१६ ला, आणि १६३३ ला म्हाताऱ्या गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून शब्द मागं घ्यायला लावले, मग गाणाऱ्याचा आवाज चढणारच की. आणि ड्रमचं म्हणशील तर आपल्याला त्याचं काय नवल, लहानपणी भिंतीपलीकडं दोन माग चालायचे आठवतंय? एक जरा पुढं, एक जरा मागं, आणि मधेच कधीतरी दोघांचा ठोका एकत्र पडायचा. तसंच आहे ते, डोकं दुखायचं काही कारण नाही.

पण मला सारखी आज्जी आठवत होती. १५ जानेवारी २०१० चं ग्रहण, गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, आणि हा अल्बमपण त्याच वर्षीचा. आज्जीनं दूध-दह्यावर तुळशीचं पान ठेवलं, माळ घेऊन बसली. मी शेजारच्या वेल्डरकडून काच आणलेली. थोड्या वेळानं तीच बाहेर आली, "आण बघू हिकडं" म्हणाली, आणि काच डोळ्याला लावून बघतच राहिली. "भाकरीचा तुकडा मोडल्यावानी दिसतंय की रं. चंद्र मधी आलाय न्हवं?" म्हणाली, परत जाऊन माळ ओढायला लागली, आणि ग्रहण सुटल्यावर सगळ्यांना आंघोळीला पिटाळलं. तिला दोन्हीत काही अडचणच नव्हती. अशी आज्जी या अल्बममधे कुठंच नाही, त्यात देव म्हणजे शिक्षा करणारा, एवढंच. मला ते खटकलं, आणि तुला तसं लिहिणारपण होतो.

मग काकू आठवली. त्या दिवशी ती पोटुशी होती, आतल्या खोलीत दार लावून बसवलेली, तीन तासाच्या वर, चिरायचं-कापायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी काच घेऊन दारापाशी गेलो तर आतनं म्हणाली, "मला दाखव की रे." दाखवली नाही मी. आज्जीला घाबरलो. त्यामुळं अल्बममधे तो माणूस ओरडायला लागला की मी हल्ली आवाज कमी करत नाही.

याचा जोडअल्बम 'अँथ्रोपोसेंट्रिक' (म्हणजे माणूस मधे असलेलं), तोपण २०१० चाच, अजून लावला नाही. तू चौथं ऐक, मग दोघं मिळून ऐकू. शेंगाचटणी देतोय ट्रॅव्हल्सवाल्याकडं, आईनं सांगितलंय मागचा डबा अजून आला नाही.

तुझा,
बाळ्या