ग्लासगोच्या त्या सरांचे आणि वॉर्डातल्या सगळ्यांचे आभार

नाव छापलेलं सरांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण ग्लासगोतल्या हॉस्पिटलात ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बेशुद्ध पेशंटचा कोमा स्कोअर विचारला. बेशुद्धी किती खोल आहे ते मोजणारी ही ग्लासगो कोमा स्केल त्याच शहरात तयार झाली, १९७४ साली. डोळे, बोलणं, हालचाल मिळून ३ ते १५ गुण. मी घाबरून "शून्य" म्हणाले. सर रागावले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी टेबलावर टकटक केली, "डोळे उघडा हो" अशी त्याला विनवणी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर, या टेबलालासुद्धा ३ मिळतात." सगळे खळखळून हसले, मीसुद्धा. मग हळूच म्हणाले, "नुसती बेरीज सांगू नकोस. तिन्ही गुण वेगवेगळे सांग." ते आजही तसंच सांगते.

पेशंटच्या उशाशी मात्र त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. तेही मी त्यांच्याकडूनच उचललं.

आणि त्या सिस्टर! 'पीली-वॉली' म्हणजे पांढराफटक चेहरा, 'वी' म्हणजे छोटं, पण कधी लघवीही, अशी तिथल्या बोलण्यातल्या शब्दांची यादी त्यांनी कागदाच्या मागे लिहून दिली होती. जानेवारीत नाइट संपली तरी बाहेर अंधार असायचा, तेव्हा बसस्टॉपपर्यंत सोबत करणारे पोर्टरकाकाही आठवतात.

तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.