कॅमेऱ्यापुढचा ब्रेक

महोदय,

३१ वर्षे एसटी चालवली, बहुतेक धुळे-सोलापूर रस्त्यावरच. वेगमर्यादेने रस्ता सुरक्षित होतो का? होतो, पण पकडले जाण्याची भीती असते तेवढ्याच पट्ट्यात. स्पीडगनची गाडी उभी असली की समोरचे डिपर देतात, सगळे ब्रेक दाबतात, पुढे पुन्हा तेच.

वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जवळपास चौपट अंतर लागते. रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली दिसेपर्यंत ते अंतर उरलेलेच नसते. माझा एक सोबती असाच गेला. त्याची पोरे तेव्हा शाळेत होती.

दोन टोलनाक्यांमधला सरासरी वेग मोजा. आणि गाळप सुरू होण्याआधी कारखान्याच्या गेटवरच प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घ्या.

– एक निवृत्त एसटी चालक, गेवराई (जि. बीड)