दोन फोन नंबर आणि वीतभर पट्टी: गणपतीआधी चाळकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी आपल्या मंडपाच्या बांबूला धरून एक चारेक वर्षांची मुलगी रडत उभी होती. नाव विचारलं, तर घरातलं लाडाचं नाव सांगितलं. कुठे राहतेस? "घरी." आईचं नाव काय? "आई." बाबांचं? "बाबा." फोन नंबर येतो का म्हटल्यावर मात्र डोळे पुसून तिने दहाच्या दहा आकडे न अडखळता म्हणून दाखवले. आम्ही लावला. नंबर बंद. तो आईच्या जुन्या सिमचा होता, हे आई सापडल्यावर कळलं. सव्वा तास गेला. पोरीने तेवढ्यात बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला, पण तिच्याजवळ बसलेल्या आमच्या दोघांच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं.

खरं सांगायचं तर मुलांना ओळखपत्रं द्यायची तयारी आम्ही गेल्या वर्षीही केली होती. कागदाची कार्डं, गळ्यात दोरा. भाद्रपदातला पाऊस आपण लहानपणापासून बघतोय, तरी डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी कार्डांचा लगदा झाला आणि निळी शाई पोरांच्या शर्टावर उतरली. शिवाय गर्दीत गळ्यातला दोरा कुठे अडकला, तर फास बसू शकतो, हे एका आजींनी लक्षात आणून दिलं. त्यांचं बरोबर होतं. ती आमचीच चूक.

यंदा मनगटाला कापडी पट्टी बांधायची ठरवलं आहे. इंचभर रुंद, सुती, वेल्क्रोची. म्हणजे जोरात ओढली गेली तर सुटेल. वर पक्क्या काळ्या मार्करने दोन मोबाइल नंबर. दोन अशासाठी, की विसर्जनाच्या गर्दीत एक फोन हमखास लागत नाही. शक्य असेल तर दुसरा नंबर घरी थांबणाऱ्या माणसाचा द्या. आकडे इंग्रजी लिहू, कारण मूल कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही आणि मुंबईत प्रत्येकाला देवनागरी आकडे वाचता येतातच असं नाही. मुलाचं नाव आतल्या, कातडीला लागणाऱ्या बाजूला. दर्शनी बाजूला नाव असलं, की कुणीही "ये गं अमुक" म्हणून हाक मारतो आणि नाव माहीत असलेला माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो. फिट येत असेल, कशाची अ‍ॅलर्जी असेल, ऐकू-बोलता येत नसेल, तर तेवढंही आत लिहू. आधार क्रमांक लिहिणार नाही, कुणी आग्रह केला तरी. लहानग्यांचं निळं बाल आधारही घरीच ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे त्यात घेतलेले नसतात, त्यामुळे ठसे लावून मूल कुणाचं हे शोधता येत नाही.

पट्टी बांधली म्हणजे काम संपलं असं नाही. मुलाला ती कशासाठी आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर टोचते म्हणून काढून टाकेल. म्हणून पुढचे चार रविवार सकाळी चाळीच्या अंगणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना बसवणार आहोत. पाढ्यांच्या चालीवर नंबर म्हणायचा, आईचं पूर्ण नाव सांगायचं, पट्टी कुणाला दाखवायची ते ओळखायचं: खाकीतले पोलीस, मंडळाचा बिल्ला लावलेला कार्यकर्ता, आणि यांपैकी कुणी दिसलं नाही तर आपल्यासारखंच मूल बरोबर असलेली बाई. हरवलास तर आहेस तिथेच उभा राहा, कुणाबरोबर कुठेही जाऊ नकोस, "आई तिकडे आहे" म्हणालं तरी.

स्टेशनचा धडा वेगळा घ्यावा लागेल. आई-बाबा चढले आणि मूल फलाटावर राहिलं, तर जागा सोडायची नाही. मूल गाडीत राहिलं, तर पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं. हे करी रोडहून स्लो गाडीत ठीक आहे. दादरहून फास्ट पकडली, की पुढचं स्टेशन थेट कुर्ला येतं, आणि पाच वर्षांच्या मुलाने एवढं अंतर एकट्याने कसं काढायचं? म्हणून डब्यातल्या बायकांना पट्टी दाखवायची सवयही लावायची आहे. यावर कुणाला अधिक चांगलं सुचत असेल, तर जरूर सांगा.

आता मागणं. पंधराशे पट्ट्या करायच्या आहेत. शेजारच्या चाळींतली मुलं आणि मंडपात दर्शनाला येणारी मुलं धरून. एका पट्टीला वीस सेंटिमीटर कापड म्हणजे तीनशे मीटर सुती पट्टी, पंचाहत्तर मीटर वेल्क्रो आणि मार्कर. रोख वर्गणी देणार असाल, तर मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. सजावटीच्या वर्गणीत हा हिशेब मिसळणार नाही. वेगळी वही आहे, कुणीही येऊन बघावी.

पण पैशांपेक्षा हात कमी पडतायत. शिलाई मशीन असलेल्या ताई-वहिनींनी आठवड्यातली एक दुपार दिली, तरी दीडेकशे पट्ट्या होतील. ज्यांचं अक्षर सुवाच्य आहे अशी आठवी-नववीची मुलं लिहायला हवीत. आणि लिहिलेला प्रत्येक नंबर लगेच, पालकांसमोर, लावून बघणारा एकजण हवाच. त्या जुन्या सिमने आम्हाला हा नियम घालून दिला आहे. घरकामाला, बिगारीला जाणाऱ्या ज्या आयांकडे फोन नाही, त्यांच्या मुलांच्या पट्टीवर चाळीतल्या कुणी स्वतःचा नंबर द्यायला तयार असेल, तर ती मोठीच मदत. असे निदान वीस जण हवेत.

मंडपात मूल सापडलं, तर माइकवरून त्याचं नाव आणि कपड्यांचं वर्णन सांगायचं नाही, हे आमच्या उत्साही निवेदकांनी लक्षात ठेवावं. "मूल हरवलं असल्यास मंडळाच्या टेबलाशी या" एवढंच. घ्यायला आलेल्याने मुलाचा फोटो दाखवायचा. म्हणून घरातून निघताना त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. कुणी आलं नाही, तर पोलिसांना ११२ वर किंवा मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर कळवायचं. ही १०९८ ची सेवा १९९६ साली आपल्याच मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. रेल्वेत असाल तर १३९. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, असा २०१५ चा कायदा आहे. त्यामुळे "राहू दे आमच्याकडे चार दिवस, सापडतील आई-बाप" हा प्रेमळ प्रकार करू नका. आणि स्वतःचं मूल हरवलं, तर चोवीस तास थांबायची काही गरज नाही. तत्काळ तक्रार द्या, पोलिसांना ती नोंदवून घ्यावीच लागते.

पहिली शिलाईची बैठक येत्या शनिवारी दुपारी तीनला, तळमजल्यावरच्या कार्यालयात. कात्री आणि चष्मा ज्याचा त्याने आणावा. चहा मंडळाचा. मार्कर देणार असाल तर काळाच आणा, निळा नको.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, लालबाग