पाणी सोडणाऱ्या काकाजींना, कण्हेरीसाठी मनापासून थँक्यू

काकाजी, नमस्कार. तुम्ही मोबाईल फारसा पाहत नाही हे मले माहीत आहे, पण नातू वाचून दाखवेल म्हणून लिहून राहिली. आमच्या फाटकाजवळची गुलाबी कण्हेर पाहून येणारेजाणारे थांबतात, काय खत टाकता हो म्हणून विचारतात, तर म्हटलं श्रेय ज्याचं त्याले भेटलं पाहिजे आन् चार लोकांसमोर भेटलं पाहिजे.

आपल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेले ते कोणाले सांगाले नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नळ एकदिवसाआड, अशात अंगणातल्या फुलझाडाले पाणी आणायचं कुठून? सगळे म्हणत गुलाब लाव, मोगरा लाव. तुम्ही एकटे म्हणाले, "सूनबाई, गावाले पाणी मी सोडतो, पाण्यावाचून कोणतं झाड राहते ते मले विचार." आन् टाकीजवळच्या कण्हेरीची वीतभर काडी तोडून दिली, पेन्सिलीएवढी जाड, खालचे पाने काढलेली. पाऊस लागला होता. बाटलीत पाणी घालून सावलीत ठेव, पाणी बदलत जा, पांढरी मुळं दिसली की लाव, एवढंच सांगितलं. तसंच झालं.

लावताना मात्र तुम्ही स्वतः आले, हे मी विसरणार नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, कण्हेर तहान सोसते पण कोवळ्या रोपाच्या बुडाशी पाणी साचून राहिलं तर मुळं कुजू शकतात, म्हणून मुरूम मिसळून जमिनीच्या वर उंचवटा करून लावलं. पहिल्या उन्हाळ्यात रोज शिंपडाशिंपडी नको, आठवड्यातून एकदा पण खोल मुरेल असं पाणी, म्हणजे मुळं खाली जातात. आता मोठी झाल्यावर तर तेही लागत नाही.

एक दिवस तुम्ही पान उलटं करून दाखवलं, म्हणाले याची करामत खालून आहे. माह्या पोरीनं बीएस्सीच्या प्रॅक्टिकलले हेच पान कापून मायक्रोस्कोपखाली पाह्यलं. खालच्या बाजूनं बारीक बारीक खड्डे, त्यात केस, आन् पान ज्यातून श्वास घेते ते छिद्रं त्या खड्ड्यांत लपलेले, गरम वारा थेट लागत नाही म्हणून पाणी कमी उडते. पोरगी घरी येऊन सांगून राहिली होती आन् मी म्हटलं हे तर काकाजीनं आधीच दाखवलं!

छाटणीचं तर काय सांगू. कण्हेरीले पाने तीन-तीनच्या घेरात येतात, त्या घेराच्या जरा वर कापलं की बहुतेक वेळा तिथून तीन फुटवे निघतात, आन् फूल नव्या फुटव्याच्या शेंड्यालेच येते. म्हणजे एक कापा, तीन शेंडे फुलतील. होळीच्या आधी छाटते मी आता, तेव्हापासून झाड एकदम भरलं. पिवळा मावा पडला शेंड्यावर तर औषध आणू नको, पाण्याची जोरात धार मार, राहिलेला ढालकिडे खातात, हेही तुमचंच.

पण सगळ्यात जास्त आभार एका गोष्टीचे. गावात लोक भीतीनं कण्हेर उपटून टाकून राहिले, कारण विषारी आहे. आहेच. पान, फूल, काडी, सगळंच विषारी, थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करते, माणसाच्याही आन् ढोराच्याही. तुम्ही ते लपवलं नाही, घाबरवलंही नाही, नीट सांगितलं. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ किंवा धुऱ्यावर टाकायच्या नाही, वाळले पानही तेवढंच वाईट, आन् हिरव्याले तोंड न लावणारं ढोर वाळल्या पानाले फसते. चुलीत तर अजिबात जाळायचं नाही, धूरही वाईट. खोल खड्डा करून गाडायचं, चीक हाताले लागला तर साबणानं हात धुवायचे. पोराच्या तोंडात गेलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना, बकरीनं खाल्लं तर डॉक्टरले बोलवा. हे सगळं माहीत असल्यामुळंच आमच्या घरी झाडही आहे, बकऱ्याही आहेत, आन् श्रावणात महादेवाले फुलंही आमच्याच अंगणातून जातात. ज्यांनी उपटली त्यांनीही एकदा तुमच्याशी बोलावं असं मले फार वाटते.

यंदा माहेरून पांढऱ्या कण्हेरीच्या काड्या आणल्या, बाटलीत मुळं धरून राहिल्या. टाकीजवळ सगळी गुलाबीच आहे ना, एक पांढरी तिथं लावू. मुरूम मी पाठवते, तुम्ही फक्त जागा दाखवा.

तुमची सूनबाई,
बसस्टॉपमागच्या घरातली