आत्याला खरं ते सांग

हॅम्बुर्ग, २३ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा ‘जेवलीस का’ आणि ‘थंडी किती’ एवढंच विचारतात आणि फोन आईकडे देतात. आई बोलते, पण तिच्या शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असतं. म्हणून हे पत्र. ईमेलनं पाठवतेय, दादा प्रिंट काढून देईल. मोबाइलवर एवढं लांबलचक बाबांना वाचवत नाही.

मुद्द्याचं आधी बोलते. त्या दिवशी आत्यानं विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘ती जर्मनीत शिकतेय.’ फोन चालूच होता गं, मी ऐकलं. आणि दादा म्हणाला की आत्याचं म्हणणं, ‘फोटोत तर नुसती फिरताना दिसते.’ आई, मी जर्मनच्या वर्गाला जाते हे खरं, पण आलेय मुलं सांभाळायला. एका कुटुंबात राहते, त्यांच्या दोन मुलांना सांभाळते. ओ-पेअर म्हणतात इथे. बाबांच्या मनात काय आहे तेही मला कळतं. बी.कॉम. झालेली पोरगी परक्याच्या घरी आया म्हणून राहतेय. तुम्ही हे कधी तोंडानं बोलला नाहीत बाबा, पण तुमचं न बोलणंही मला चांगलं ऐकू येतं.

तुम्हाला कागद पटतो, म्हणून कागदावरचं सांगते. आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास काम, दिवसाला सहा तासांच्या वर नाही. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, वर्षातून चार आठवडे रजा. राहणं, जेवण, विमा त्यांच्याकडे. माझी स्वतंत्र खोली, तिला खिडकी हवी हेसुद्धा नियमात आहे. महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी वेगळे ७० युरो. हा पगार नाही आणि पगारासारखा पुरतही नाही. त्यामुळे ‘मुलगी युरोत कमावते’ असंही कुणाला सांगू नका. तुम्ही माझ्या तिकिटाला आणि जर्मनच्या पहिल्या परीक्षेला घातलेले पैसे यातून फिटायचे नाहीत, हे मी मनाशी धरूनच निघाले होते.

आता कागदावर नसलेलं. माझे तास सकाळी पावणेसात ते साडेआठ आणि मग दुपारी तीन ते सात. सकाळ म्हणजे निव्वळ कपडे. आतले कपडे, लोकरीचे मोजे, स्वेटर, त्यावर पाऊस आणि चिखल झेलणारी रबरी विजार, गमबूट, टोपी. एवढं सगळं चढवून झालं की धाकट्याला शू लागते. तो तीन वर्षांचा आहे. थोरली सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेली. तिला तिच्या सायकलवर घालायचं, धाकट्याला माझ्या सायकलच्या मागच्या खुर्चीत बांधायचं आणि निघायचं. आठ वर्षांखालच्या मुलांनी सायकल फुटपाथवरून चालवायची असा इथला कायदा आहे आणि सोबतच्या मोठ्या माणसालाही तेव्हा फुटपाथवरून चालवायची मुभा असते. बाबा, रहदारीची काळजी करता ना? नका करू. आम्ही तिघं एकामागोमाग फुटपाथनं जातो आणि थोरली पुढून मला ओरडून सांगते की सिग्नल लाल आहे. मी बघितलेला असतो, तरी सांगते.

दुपारी तीनला आधी किटा, म्हणजे बालवाडी, मग शाळा, मग मैदान. पाऊस असला तरी मैदान. सुरुवातीला मी पावसात मुलांना घरी घेऊन यायचे, तर मुलांच्या आईनं शांतपणे सांगितलं की थोडं भिजू दे, कपडे त्यासाठीच आहेत. आता मीही त्यांच्यासारखी रबरी विजार घालून वाळूत बसते. नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं. मग डोक्याला दिवे लावून आमची खोदाई चालू. सहाला पाव, चीज, काकडी-गाजराच्या फोडी, बस, झालं रात्रीचं जेवण. मुलं साडेसातला झोपलेली असतात. आई, तुला हे पटणार नाही, पण खरंच झोपतात.

हे सगळं तुम्हाला फोटोत दिसत नाही, कारण मुलांचे फोटो मी कुठेही टाकायचे नाहीत असं आमचं पहिल्याच दिवशी ठरलं. त्यांच्या आई-बाबांचा तसा आग्रह आहे आणि मला तो योग्य वाटतो. त्यामुळे माझ्या कामाचा एकही फोटो तुमच्यापर्यंत येत नाही, येतात ते सुट्टीचेच. आत्याला नुसती फिरणारी मुलगी दिसते ती यामुळे.

आणि फिरायला मी जाते त्यालाही कारण आहे. कामावर राहायचं म्हणजे ऑफिस आणि घर एकाच छपराखाली. रविवारी चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात आले की धाकटा पायाला मिठी मारतो. ‘आज मला सुट्टी आहे’ हे तीन वर्षांच्या मुलाला कोण आणि कसं समजावणार? खोलीचं दार लावलं तर तो बाहेर बसून दाराखालच्या फटीतून गाड्या आत सारतो. मला हसू येतं, मी दार उघडते आणि सुट्टी संपते. म्हणून सुट्टी हवी असली की मी घराबाहेर पडते. रविवारी दुकानं बंद, तेव्हा खर्चाचीही भीती नाही. रेल्वे-बसचा महिन्याचा पास ५८ युरोंचा आहे, जानेवारीपासून ६३ होणार. तो इथले घरचे भरतात. त्यात अख्ख्या देशातल्या साध्या गाड्या, बस, मेट्रो, आणि इथली नदीतली फेरीबोटसुद्धा येते.

त्या फेरीबोटीवर माझे सगळ्यात जास्त रविवार गेलेत. ६२ नंबरची. लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून निघते आणि एल्बे नदीतून फिंकनवेर्डरपर्यंत जाते. वरच्या डेकवर वारा कान तोडतो, पण शेजारून कंटेनरची जहाजं जातात तेव्हा आपण किती लहान आहोत ते मान वर करकरून बघावं लागतं. मधे नॉयम्युलेनला उतरलं की थोड्या अंतरावर नदीकाठी वाळू आहे आणि वाळूत एक २१७ टनांचा दगड. १९९९ मध्ये नदीचा तळ खोदताना तो सापडला. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनकडून सरकत आलेला आहे म्हणे. मी त्याला पाठ टेकून डबा खाते.

बाबा, तुम्हाला मात्र मला जुन्या बोगद्यात न्यायचंय. १९११ चा आहे, नदीच्या पात्राखालून जातो, ४२६ मीटर लांब. पलीकडच्या तीरावर जहाजं बांधायचे कारखाने होते आणि हजारो कामगारांना रोज नदी ओलांडावी लागायची. धुक्यात, बर्फात होड्या पुऱ्या पडेनात, म्हणून बांधला. गंमत अशी की खाली जायला उतार नाहीये. घुमटाखाली मोठमोठ्या लिफ्ट आहेत आणि त्या घोडागाड्या, पुढे मोटारी, सरळ खाली उतरवायच्या. आत भिंतींवर चकचकीत फरश्या आणि त्यांत उठावातले मासे, खेकडे. पायी जायला पैसे लागत नाहीत. लिफ्टची यंत्रं बघत तुम्ही तास काढला असतात, आणि आई पलीकडे पोचून तुमची वाट बघत बसली असती. तिथून शहर फार सुंदर दिसतं, तेव्हा तिलाही कंटाळा आला नसता.

मुलांबरोबर जाते ते फिरणं वेगळं. त्याला मी फिरणं म्हणतच नाही. मिनियाटूर वुंडरलांड म्हणून छोट्या आगगाड्यांचं एक अवाढव्य प्रदर्शन आहे, जुन्या गोदामांच्या भागात. रूळच सोळा किलोमीटरच्या वर आहेत, थोड्या थोड्या वेळानं सगळीकडे रात्र होते आणि लाखो बारीक दिवे लागतात, विमानतळावरून विमानं उडतात. लोक परदेशांतून बघायला येतात. मी काय बघितलं? धाकट्याचा हात. तो एका गाडीपाशी पोटावर आडवा झाला आणि हलेना, थोरलीला पुढच्या दालनात जायचं होतं आणि मी दोघांच्या मधे उभी राहून दोन्ही टोप्या मोजत होते. एकदा एकटीनं जाऊन बघायचंय.

हागेनबेकच्या प्राणिबागेत मात्र एक गोष्ट मनात राहिली. १९०७ पासूनची बाग. जनावरं गजांमागे न ठेवता खंदकांपलीकडे मोकळी दिसावीत, ही रचना तिथे पहिल्यांदा झाली, म्हणून तिचं नाव. मुलं हत्तींपाशी रमली होती. रात्री मी सहज वाचत बसले तर कळलं, ही बाग काढणाऱ्या याच हागेनबेकनं त्याआधी माणसांचीही प्रदर्शनं भरवली होती. उत्तरेकडचे सामी लोक, सिलोनहून आणलेली माणसं, हत्तींसकट. लोक तिकीट काढून बघायला यायचे. मुलांशी मी काही बोलले नाही, पण त्यांच्या आईशी बोलले. तिला माहीत होतं. ती म्हणाली, ‘थोरली जरा मोठी झाली की तिला सांगणार आहे.’ मग आम्ही दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात बसलो. त्या घरात पाहुणीही नाही आणि नोकरही नाही अशी मी त्या रात्री पहिल्यांदा बसले असेन.

सगळ्यांचं असं नसतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीला आख्खं घर पुसायला लावायचे, शनिवार-रविवार धरून. करारात फक्त हलकी घरकामं असतात, तिनं तो करार पुढे ठेवला, भांडण झालं, आणि शेवटी तिनं कुटुंब बदललं. मुद्दाम लिहितेय, कारण शेजारच्या मावशींची भाची इकडे यायचं म्हणतेय. तिला सांगा की सही करण्याआधी आत्ता त्या घरात जी मुलगी काम करतेय तिच्याशी बोल. घरच्यांशी नाही, त्या मुलीशी.

माझी अडचण वेगळीच आहे. मागच्या महिन्यात धाकटा जिन्यात पडला, ओठ फुटला. त्याची आई दोन पावलांवर उभी होती आणि तो रडत माझ्याकडे आला. मी त्याला उचललं आणि तिच्या कडेवर दिलं. ती काही बोलली नाही, मीही नाही. पण तिचा चेहरा मी बघितला. तेव्हापासून मी संध्याकाळी ती घरी आली की मुद्दाम वर खोलीत जाते, मुलांना तिच्याकडे सोडून. मूल लळा लावतं म्हणून तुम्ही दोघं मला सावध करत होतात. मला लागतो तो लळा मी बघून घेईन. त्याला लागलाय त्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. फेब्रुवारीअखेर माझा इथे राहण्याचा परवाना संपतो, तो वाढत नाही. आता आम्ही ठरवलंय की नाताळनंतर त्याला रोज थोडं थोडं सांगायचं.

थोरलीचं मला कौतुक वाटतं. गेल्या महिन्यात तिला पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला. काठावरून उडी, २५ मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून रिंग काढून आणणं. मी बाकावर टॉवेल घेऊन बसलेली. ती ओलीचिंब येऊन म्हणते, ‘आता तुझी पाळी.’ मोठ्यांचेही वर्ग असतात इथे. नाव घातलंय. हसू नका.

आता पुढचं, आणि याच्यावर बाबांचं मत हवंय. जानेवारीत जर्मनच्या बी-वन पातळीची परीक्षा आहे. ती पास झाले तर मला बालवाडीतल्या कामाचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचंय. इथे माणसं कमी आहेत त्या कामाला, आणि या कामात माझा हात बसलाय हे मला आता कळतं. बी.कॉम. वाया गेलं असं म्हणाल. म्हणा, पण आकडे मला कधीच आवडले नव्हते, हे आईला विचारा. परवान्याचे नियम, संस्था, खर्च, सगळं नीट माहीत करून घेतेय, पक्कं झाल्याशिवाय तुमच्यापुढे रक्कम ठेवणार नाही. नाहीच जमलं तर मार्चमध्ये घरी येईन आणि तिथे हेच काम शोधेन.

तेव्हा आई, आत्यानं परत विचारलं तर सांग, मुलं सांभाळते. एवढंच. तिला काही म्हणायचं असेल तर माझा नंबर दे.

दादाला सांगून दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींची मूळ प्रमाणपत्रं कपाटातून काढून ठेवा आणि रंगीत स्कॅन करून पाठवा. गुणपत्रिकांची मागची बाजूसुद्धा. फोन मी पुढच्या रविवारी करेन, तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ, माझे दुपारचे चार. बाबांनी फोन लगेच आईकडे द्यायचा नाही.

तुमची,
लेक