बुरशीच्या नावाखाली विकलेल्या, प्रोटीन काढायच्या किटबद्दल तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक

आत्ताच तुमच्या कंपनीशी बोलून फोन ठेवला. चौथा. म्हणून आता लेखी.

डब्यावर 'बुरशी, 5 ते 10 मिलिग्रॅम' हे तुम्हीच छापलंय. बुरशीच्या पेशीला कायटिन आणि ग्लुकनची भिंत असते. ती नुसत्या डिटर्जंटने फुटत नाही. पेशी चिरडायला बारीक मणी लागतात, नाहीतर लिक्विड नायट्रोजन ओतून खलात वाटावं लागतं. डब्यात मणी नाहीत. पत्रकात काय, तर '10 सेकंद व्हॉर्टेक्स करा', म्हणजे यंत्रावर नळी नुसती गरगर हलवा. प्राण्यांच्या पेशींच्या किटवर नुसतं लेबल बदललंय का?

माझा नमुना दगडफुलातली बुरशी. शेवाळापासून वेगळी करून वाढवली, पाच महिन्यांत सुकी जेमतेम 30 मिलिग्रॅम. त्यातले 20 तुमच्या किटने खाल्ले. जेलवर प्रोटीनची एक पट्टी नाही. ब्रॅडफर्डचं (निळ्या रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) रीडिंग मात्र भरघोस! संशय आला म्हणून नुसता बफर, म्हणजे नमुना न घातलेलं किटचं द्रावण तपासलं, तेही निळं. एसडीएस (हे डिटर्जंटच ब्रॅडफर्डला निळं करतं) घातलेल्या बफरवर ब्रॅडफर्ड करा, असं पत्रकात लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

आता आजचं संभाषण, जसंच्या तसं.

"मॅडम, सॅम्पल कसलं?"
"दगडफुलातली बुरशी."
"म्हणजे मसाल्यातलं?"
"हो, पण हे कल्चर..."
"मग मॅडम, मसाल्यात प्रोटीन कमीच असणार ना."

मागे कुणीतरी हसलं. मीही हसले असते, वीस मिलिग्रॅम गेले नसते तर. मग सल्ला मिळाला: "100 मिलिग्रॅम घेऊन बघा." लहान नमुन्याच्या किटसाठी! 100 मिलिग्रॅम म्हणजे जवळपास दीड वर्ष, माझी फेलोशिप त्याआधी संपते. मणी का नाहीत विचारलं, तर "ते वेगळे मिळतात, कॅटलॉग नंबर देऊ का?"

डब्यात मणी नाहीत, हे पुन्हा लिहिते.

उरलेल्या 10 मिलिग्रॅममधले पाच शेजारच्या लॅबमधून उसने आणलेल्या झिरकोनियाच्या मण्यांनी फोडले, लेम्ली बफरमध्ये (जेलवर चढवण्याआधीचं नेहमीचं द्रावण) 95 अंशांवर पाच मिनिटं उकळले. पट्ट्या आल्या. तुमच्या किटशिवाय.

एमएस्सीपासून तुमचंच डीएनए किट वापरतेय, ज्युनिअर मुलांनाही तेच घ्या म्हणून सांगत आले. त्याचं जास्त वाईट वाटतंय.

15 दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत. नाहीतर दोन्ही जेलचे फोटो विद्यापीठाच्या खरेदी समितीकडे जातील. पुढच्या वर्षीची मागणी तिथेच ठरते, हे तुमच्या विक्री प्रतिनिधीला चांगलं माहीत आहे. आणि यावर पाचवा फोन करू नका.

पीएचडी संशोधक, पुणे